कॅमेऱ्यासमोरचा शेवटचा पेपर

मी ऑनलाइन पदवीला नाव घातलं त्या पहिल्याच दिवशी सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "घरबसल्या जे येतं त्याला पदवी म्हणत नाहीत, पार्सल म्हणतात."

त्या सदाशिव पेठेतल्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं कमी, पण जे बोलायच्या ते समोरच्याला दिवसभर पुरायचं. मी वर्ध्याकडची, हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळणारी त्यांची सून. वय चाळिशी ओलांडून गेलेलं, पोरगी इंजिनिअरिंगला बाहेरगावी, आणि माझ्याकडे स्वतःची पदवी नाही.

ती का नाही, हे सांगायला फार वेळ लागत नाही. मी पुण्यात आले तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. बी.एस्सी.ची दोन वर्षं वर्ध्याला झाली होती. सुट्टीत मावशीकडे आले, एक छोटा कोर्स केला आणि कोर्स संपायच्या आतच नोकरी लागली. परदेशातल्या जुन्या प्रोग्रॅम्समध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असत. दोन हजार साल उजाडलं की सगळं बंद पडेल अशी जगाला धास्ती होती, आणि ते तपासायला माणसं हवी होती. कोण किती शिकलंय हे विचारायला कुणाला सवड नव्हती. बाबा फोनवर म्हणाले, "नोकरी पळून नाही जात, डिग्री पुरी कर." मी म्हटलं, डिग्रीही पळून जात नाही. मग लग्न झालं, मुलगी झाली, प्रोजेक्टमागून प्रोजेक्ट आले. कामात मी कधी कमी पडले नाही, म्हणून कुणी विचारलं नाही.

विचारलं ते कंपनी विकली गेल्यावर. नव्या मालकांनी सगळ्यांची कागदपत्रं पुन्हा तपासायला घेतली. एचआरमधली तरुण मुलगी मला काचेच्या खोलीत घेऊन बसली.

"मॅम, तुमच्या फाइलमध्ये बी.एस्सी.च्या पुढे 'अपूर्ण' लिहिलंय."

"हो. अपूर्णच आहे ते."

"नाही, म्हणजे... सिस्टिम ते ॲक्सेप्ट नाही करत."

टीम लीड आणि त्याच्या वरच्या प्रत्येकाला पदवी हवी असा नियम झाला होता. ज्यांच्याकडे नाही त्यांना तीन वर्षांची मुदत. मुदत ऐकून मला हायसं वाटलं. कंपनीच्या बसमधून घरी येताना लक्षात आलं, पदवीही तीनच वर्षांची असते.

आधी वाटलं, वर्ध्याची दोन वर्षं कुठेतरी धरली जातील. तसं झालं नाही. ते गुण जुन्या पद्धतीचे, क्रेडिटच्या आधीचे, त्यांचं आता काही करता येणार नाही, असं उत्तर आलं. मग दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाच्या ऑनलाइन बीसीएला नाव घातलं. तिथली एक सोय मात्र मला फार आवडली. काही विषय सरकारी पोर्टलवरून, जमेल तेव्हा करता यायचे आणि त्यांची क्रेडिट्स याच पदवीत धरली जायची. मी ते सासूबाईंना भाजी निवडता निवडता समजावत होते.

"एका विषयाला चार क्रेडिट, आई. पास झालं की खात्यात जमा."

"आणि व्याज?" त्यांनी विचारलं.

हिंजवडीला जायला जितका वेळ लागतो तेवढ्यात एक लेक्चर होतं. जाताना एक, येताना एक. बसमध्ये सगळे झोपलेले असत आणि मी कानात वायर घालून डेटाबेस म्हणजे काय हे शिकत असे, जे मी त्यानंतर दिवसभर वापरत असे. पोर्टलच्या विषयांच्या परीक्षा केंद्रावर असायच्या. आमचं केंद्र लोणी काळभोरच्या एका कॉलेजात यायचं. तिथे रांगेत उभी असताना एका मुलीनं मला रस्ता करून दिला, "मॅडम, तुम्ही पुढे या ना, सुपरव्हायजरना आधी सोडतात." मी हॉलतिकीट दाखवलं तेव्हा ती बिचारी लाजून लाल झाली.

बाकीचे विषय सुटत गेले. संख्याशास्त्र मात्र एकदा गेलं, म्हणजे नापासच झाले. त्याची पुरवणी परीक्षा हुकली असती तर पुढची कंपनीची मुदत संपल्यावर येणार होती. घरी मी ते जेवताना सांगितलं. नवरा म्हणाला, "बघू, होईल." सासूबाईंनी फक्त माझं पुस्तक मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर जेवणाच्या टेबलावर पाठकोरे कागद आणि टोक केलेल्या पेन्सिली.

"बस," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कॉम्प्युटरवर बसतेस आणि प्रमाण विचलन येत नाही. मला लाज वाटते."

पुढचे दोनेक महिने त्यांनी मला शिकवलं. पार्सलचा शब्द त्यांनी मागे घेतला नाही आणि शिकवणंही थांबवलं नाही. चुकलं की पेन्सिल माझ्या बोटांजवळ टेबलावर आपटायच्या. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी एका टेबलाशी एवढा वेळ कधी बसलो नव्हतो. एकदा तर त्यांच्या तोंडून "शाबास" निघून गेलं आणि नंतर त्या बराच वेळ घुश्शात होत्या.

ही परीक्षा विद्यापीठाची, घरून द्यायची होती. समोर लॅपटॉपचा कॅमेरा आणि बाजूनं टेबल दिसेल असा दुसरा. तो आणायला बुधवार पेठेत गेले. दुकानदार न बघताच म्हणाला, "कॅमेरा देतो. समोर काय दिसावं ती जबाबदारी तुमची." नियमांचं पत्रक मोठं होतं. खोलीत दुसरं कुणी नको. दार बंद. नजर पडद्यावरून हलता कामा नये. दुसऱ्याचा आवाज ऐकू आला तर सूचना मिळेल. सूचना वाढल्या तर पेपर बंद. कॅमेऱ्यासमोरून उठलं तर लगेच बंद.

शेजारच्या इमारतीचं पाडकाम चालू होतं. म्हणून मी दुपारची वेळ निवडली, कामगार जेवायला बसतात ती. नवऱ्याची चाकणच्या कारखान्यात पहिली पाळी होती. घरात आम्ही दोघीच.

"तुझा पेपर होईस्तोवर मी स्वयंपाकघरात भांडंसुद्धा वाजवणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही तुमचं वेळेवर जेवून घ्या, आई."

"मला शिकवू नकोस. आत जा."

मी झोपायच्या खोलीचं दार लावलं. लॅपटॉप हातात धरून भिंती, पलंगाखाली, कपाटाची मागची बाजू सगळं कॅमेऱ्याला दाखवलं. लांब कुठेतरी बसलेल्या देखरेखवाल्यानं चॅटमध्ये लिहिलं, 'धन्यवाद, सुरू करा.' त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्याला माझा दिसत होता.

पेपर सोपा नव्हता, पण ओळखीचा होता. पहिली बरीच उदाहरणं सुटली. घाम पुसायला हात वर केला तरी भीती वाटत होती, की त्याला काय वाटेल. बाहेर पाडकाम थांबलेलं होतं. घर इतकं शांत होतं की पंख्याचा कुरकुर आवाज येत होता.

मग बाहेरून बोलण्याचा आवाज आला.

सासूबाई बोलत होत्या. आधी वाटलं फोन आलाय. पडद्यावर लाल पट्टी आली: 'खोलीत दुसरा आवाज आढळला.' मी मनात म्हटलं, आई, प्लीज. आवाज थांबला. मी पुढचं उदाहरण वाचायला घेतलं. आवाज पुन्हा सुरू झाला, या वेळी मोठ्यानं, वर्गात बोलतात तसा. "मागच्या बाकावरच्या, उभ्या राहा! मी काय सांगितलं?" दुसरी लाल पट्टी. चॅटमध्ये ओळ आली, 'तुमच्याबरोबर कोण आहे?'

मी लिहिलं, 'कोणी नाही. सासूबाई बाहेर आहेत.'

'त्यांना शांत राहायला सांगा. जागेवरून उठू नका.'

मी जागेवरूनच हाक मारली, "आई!" उत्तर आलं नाही. मग त्या पुन्हा बोलायला लागल्या, पण आता शब्द एकमेकांत अडकत होते. जीभ जड झाल्यासारखे. त्या कुठल्यातरी मुलींना छेद सारखा करायला सांगत होत्या. मला काहीच उलगडेना. त्या माझी चेष्टा करतील, पण पेपर चालू असताना कधीच नाही. दाराच्या फटीतून मला जेवणाचं टेबल दिसत नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेली वेळ पळत होती. सुटायची राहिलेली उदाहरणं बरीच होती.

मग खुर्ची घासल्याचा आवाज, आणि काहीतरी जड पडलं.

चॅटमध्ये काहीतरी उमटलं. मी ते वाचलं नाही. मी उठले.

सासूबाई टेबल आणि फ्रिजच्या मधे बसल्यासारख्या पडल्या होत्या. अंग घामानं चिंब. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हत्या. टेबलावर त्यांचं ताट झाकलेलं, जसंच्या तसं. बाजूला इन्सुलिनचं पेन. इंजेक्शन वेळेवर घेतलं होतं आणि जेवण मात्र माझा पेपर होईपर्यंत पुढे ढकललं होतं. ताट-वाटीचा आवाज नको म्हणून.

त्यांना गिळता येत होतं एवढं बरं. मी साखरेचं पाणी केलं आणि चमच्या चमच्यानं दिलं. अर्धं पदरावर सांडलं. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. ते जिना चढून येईपर्यंत सासूबाईंची नजर हळूहळू जागेवर येत होती. डॉक्टरांनी बोटाला टोचून साखर बघितली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "साखर फार उतरली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं." सासूबाईंचं शुद्धीवर आल्यावरचं पहिलं वाक्य हे होतं:

"तू इथे काय करतेयस? पेपर कुणी सोडवायचा?"

मी खोलीत गेले तेव्हा पडदा काळा होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, की परीक्षा समाप्त करण्यात आली आहे.

चार-पाच दिवसांनी मेल आला. मला वाटलं होतं, कारण सांगितलं की निदान 'गैरहजर' धरतील. पण मेलमध्ये 'गैरप्रकार' हा शब्द होता. रेकॉर्डिंगमध्ये एका स्त्रीचा आवाज गणिताविषयी सूचना देताना ऐकू येतो. बाहेरच्या व्यक्तीची मदत घेतल्याचा संशय आहे. समितीपुढे ऑनलाइन बाजू मांडावी. दोष सिद्ध झाला तर नोंदणी रद्द होणार होती. तीन वर्षांत जमवलेलं सगळं त्याच्याबरोबर जाणार होतं.

नवरा म्हणाला, "डॉक्टरांचं सर्टिफिकेट देऊ. त्यात काय एवढं."

"आईंचा व्यवसाय विचारतील," मी म्हटलं. "काय सांगू? गणिताच्या निवृत्त शिक्षिका. आणि पेपर संख्याशास्त्राचा."

त्यानं मेल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

मला सासूबाईंना यात ओढायचं नव्हतं. त्या दिवसानंतर त्या खचल्या होत्या. बोलणं आणखी कमी झालं होतं. पेन्सिली टेबलावरून उचलून कुठेतरी ठेवून दिल्या होत्या. ते रेकॉर्डिंग त्यांनी ऐकावं असं मला अजिबात वाटत नव्हतं. पण मेल त्यांनी वाचला, माझ्या खांद्यावरून, चष्मा सावरत.

"मी बसणार समितीपुढे," त्या म्हणाल्या.

"आई, नको. ते रेकॉर्डिंग लावतील."

"लावू देत. मी काय बोलले ते मला कळायला नको?"

सुनावणीच्या दिवशी त्यांनी शाळेत नेसायच्या तशी कडक इस्त्रीची साडी नेसली. पडद्यावर तिघं होते. अध्यक्ष हिंदीत बोलत होते, एक गृहस्थ फक्त टिपणं घेत होते आणि तिसऱ्या बाईंना मराठी येत होतं. मी घडलं ते सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवला. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"प्रकृतीचं आम्ही समजू शकतो," ते म्हणाले. "पण तुम्ही खोलीत असताना आवाज सूत्रं सांगतोय. हा आवाज कुणाचा?"

"माझा," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

"आपण काय काम करत होता?"

"शिकवत असे. गणित. आता निवृत्त आहे."

टिपणं घेणाऱ्यांनी मान वर केली. अध्यक्षांनी विचारलं, "सुनेला याच विषयात तुम्ही मदत करत होता का?"

"हो. दोन महिने शिकवलं. परीक्षेच्या आधी. त्यात गैर काय?"

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं.

आधी माझ्या श्वासाचा आवाज. मग लांबून तो दुसरा. "मागच्या बाकावरच्या, उभ्या राहा." मी बाजूला बघितलं नाही. मला फक्त त्यांचा मांडीवरचा हात दिसत होता, आणि तो पदराचं टोक धरून होता. "छेद सारखा करा. आधी छेद सारखा करा. एक छेद दोन अधिक एक छेद तीन..." आवाज घसरला, शब्द चिकट झाले, आणि मग एखाद्या लहान मुलीनं सांगावं तसं उत्तर आलं, "दोन छेद पाच. बरोबर? दोन छेद पाच. बसा खाली." मग खुर्ची. मग ते पडणं. मग माझी पावलं.

रेकॉर्डिंग बंद झालं. मला वाटलं त्या उठून जातील. त्यांच्या वर्गातली मुलगी असं बोलली असती तर त्यांनी तिला बाहेर उभं केलं असतं, हे मला माहीत होतं.

"पुन्हा लावा," सासूबाई म्हणाल्या.

"आवश्यकता नाही, मॅडम."

"शेवटचं वाक्य लावा. मला खात्री करायचीय."

त्यांनी लावलं. 'दोन छेद पाच.' सासूबाईंनी डोळे मिटले आणि उघडले.

"हे पाचवीचं गणित आहे," सासूबाई त्या मराठी बाईंकडे बघून म्हणाल्या. आवाज स्थिर होता, पण त्यासाठी त्यांना किती कष्ट पडत असतील ते शेजारी बसून मला कळत होतं. "आणि ते चूक आहे. अर्धा आणि एक तृतीयांश मिळून पाच षष्ठांश होतात. ही जी बाई बोलतेय तिला ते येत नाहीये. तुमच्या पेपरात अपूर्णांकांच्या बेरजेचा प्रश्न होता का?"

"नव्हता," त्या बाई हळूच म्हणाल्या.

"मग हिनं मदत कुणाची घेतली? मला मदतच करायची असती तर निदान बरोबर उत्तर सांगितलं असतं."

मराठी बाईंनी ते अध्यक्षांना हिंदीत सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "निर्णय कळवू," एवढंच बोलून त्यांनी मीटिंग संपवली.

पडदा बंद झाल्यावरही सासूबाई तशाच बसून राहिल्या. मी चहा टाकायला उठले तेव्हा म्हणाल्या, "मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. शाळा वाटत होती. खरोखरच शाळा वाटत होती."

मी त्यांच्याजवळ बसले. हात धरायची आमच्यात पद्धत नव्हती. मी तरी धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

निर्णय यायला वेळ लागला. तोवर मी रोज बसमध्ये मेल उघडून बघत होते आणि ऐकायचं एकही लेक्चर उरलं नव्हतं. शेवटी आला: गैरप्रकाराचा आरोप मागे घेतला आहे, मात्र पेपर अर्धवट सोडल्यामुळे ही संधी रद्द, पुढच्या सत्रात पुन्हा द्यावा, हवं तर केंद्रावर. म्हणजे खात्यातली क्रेडिट्स वाचली आणि कंपनीची मुदत हुकली.

मी एचआरच्या त्या मुलीला सगळं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. पण पॉलिसी होती. मला काढलं नाही; माझी टीम काढून घेतली. ती माझ्याच हाताखाली तयार झालेल्या मुलाला दिली. तो सुरुवातीला प्रत्येक मीटिंगमध्ये माझ्याकडे बघूनच बोलायचा. मीच एकदा सांगितलं, "तू समोर बघ. मी आहे इथेच." घरी येऊन मी त्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. सासूबाईंनी दार वाजवलं नाही. जेवायला बसल्यावर मात्र ताटात गोडाचा शिरा होता. त्यांना स्वतःला तो चालत नव्हता.

फेरपरीक्षा मी लोणी काळभोरच्या केंद्रावर दिली. नवऱ्यानं रजा घेतली होती. पेपर संपल्यावर सोलापूर रस्त्याला बाहेर उभी राहून मी आधी घरी फोन केला.

"जेवल्या का त्या?"

"केव्हाच," तो म्हणाला. "विचारतेय, प्रमाण विचलन आलं का."

आलं होतं. बाकीचं सगळं आलं होतं असं नाही. पास झाले, काठावर नाही, पण फार वरही नाही. टीम मात्र परत मिळाली नाही. वर्षभरानं मी दुसऱ्या कंपनीत गेले. तिथे अर्ज भरताना पदवीच्या रकान्यात काही लिहावंसुद्धा लागलं नाही. क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक घातला आणि सगळं आपोआप उमटलं. बाबांना ते बघायला मिळालं नाही. ते आधीच्याच वर्षी गेले होते.

पदवीदान समारंभही ऑनलाइनच होता. आम्ही तिघांनी तो टीव्हीला जोडला. प्रमुख पाहुणे फार लांबलचक बोलले आणि सासूबाईंना खुर्चीतच झोप लागली. शेकडो नावं पडद्यावरून वर सरकत होती. नवरा म्हणाला, "आईला उठव, तुझं नाव येईल आता."

मी उठवलं नाही. दुपारची वेळ होती, त्यांचं जेवण नुकतंच झालं होतं, आणि श्वास संथ चालला होता. माझं नाव आलं आणि गेलं.